हिल्दाच्या आज्या

प्रिय ईशान आणि मीरा,

तुम्ही पर्थला आणि मी सिडनीत, वेंटवर्थव्हिलला. नकाशात पाहिलं तर हा एकच देश आहे. पण सध्या करोनामुळे तुमच्या राज्याने आमच्या राज्याला चपला काढायच्या जागीच थांबवून ठेवलं आहे. तुमच्याकडे यायचं तर माझं येणं अत्यावश्यक आहे हे सिद्ध करावं लागतं. फुटबॉल खेळणारे अत्यावश्यक आहेत, सिनेमावाले अत्यावश्यक आहेत. आज्या त्यात बसत नाहीत. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी बसत नाहीत.

मागे ईशानने शाळेच्या प्रोजेक्टसाठी व्हिडिओ कॉलवर मला विचारलं, "आजी, व्हॉट वॉज युअर जॉब?" मी खुर्ची सरकवून, घसा साफ करून सुरुवात करणार, तेवढ्यात मागे भांडी आवरणाऱ्या तुमच्या आईने परस्पर उत्तर दिलं. "शी वॉज अ सेक्रेटरी, सॉर्ट ऑफ. फॉर सम सिंगर." ईशानने ते लिहून घेतलं, थँक्स म्हणाला आणि फूटी, म्हणजे इथला फुटबॉल, खेळायला गेला. नेहमी तुटणारं नेटवर्क त्या दिवशी उत्तम होतं, त्यामुळे मला 'सॉर्ट ऑफ' अगदी स्वच्छ ऐकू आलं.

त्याच सुमारास इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. त्यांना 'लॉकडाउनने मला काय शिकवलं' या विषयावर काहीतरी पॉझिटिव्ह हवं होतं. या दिवसांत पॉझिटिव्ह हा शब्द कोणी आनंदाने वापरतं हे ऐकून मला बरं वाटलं. त्यांना मी हाच मजकूर देणार आहे. तुम्हा दोघांना मराठी वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच मराठीत लिहिते आहे. तुमच्या आईला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवावं लागेल, आणि मध्ये गाळता येणार नाही, कारण छापील अंक मी पोस्टाने पाठवणार आहे.

तर, मी हिल्दाची सेक्रेटरी होते. हिल्दा ही बेल्जियमची गायिका. तिचं नाव तुम्ही ऐकलेलं नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, बेल्जियममध्येही कोणी ऐकलेलं नाही. ती तरुणपणी प्रवासी जहाजावर गात गात सिडनीला आली. बंदरात तिला जवळच्या वॉलॉंगॉंगचा एक क्रेन चालवणारा भेटला आणि ती जहाजावर परत गेलीच नाही. तेच जहाज पुढच्या फेरीला परत आलं, तोवर ते लग्न मोडलंही होतं. नवरा गेला, देश राहिला. हिल्दाच्या मते हा सौदा वाईट नव्हता.

वॉलॉंगॉंगला पोलादाचा मोठा कारखाना. त्यात काम करायला सगळ्या युरोपातून माणसं आलेली. प्रत्येक देशाच्या लोकांनी आपापलं चर्च बांधलं आणि लगेच आपापला क्लब काढला. (आपण मराठी माणसं आधी मंडळ काढतो आणि लगेच दुसरं मंडळ काढतो. तत्त्व तेच.) शनिवारी संध्याकाळी क्लबात जेवण, नाच आणि गाणं. प्रत्येक क्लबाला आपल्या भाषेत गाणारी बाई हवी, आणि ती मिळायची नाही. हिल्दाने विचार केला, सगळ्यांना मिळून एकच बाई का नको? फ्लेमिश, फ्रेंच आणि जर्मन तिला येत होत्या. "घरूनच आल्या," एवढंच ती सांगायची. बाकीच्या सहा भाषा तिने मंडईतून भाजी आणावी तशा लागेल तेवढ्या आणल्या. इटालियन, ग्रीक, पोलिश, माल्टीज, क्रोएशियन, पोर्तुगीज. यांतल्या एकाही भाषेत तिला बसची चौकशी करता आली नसती. पण प्रेमभंग मात्र सगळ्यांत करता यायचा.

तुमच्या आजोबांना त्याच कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही इथे आलो. माझ्याकडे कॉन्व्हेंटचं इंग्रजी होतं आणि फ्रेंच घेऊन केलेली बी.ए. होती. मी अर्ज केला त्या प्रत्येक ऑफिसने माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं आणि लोकल एक्स्पिरियन्स नाही म्हणून घरी पाठवलं. मग लायब्ररीच्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली. फ्रेंच येणारी टायपिस्ट पाहिजे. अर्ज करणारी मी एकटीच. हिल्दाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलाखत झाली. तिने एक लांबलचक पोलिश ओळ म्हटली आणि म्हणाली, म्हण. मी म्हटली. ती म्हणाली, उद्यापासून ये. माझ्या आयुष्यात माझ्या कानाला मिळालेली ही एकमेव पदवी.

काम काय होतं? फोनवर बुकिंग घ्यायचं, गाण्यांचा क्रम लावायचा, तिची खटारा स्टेशन वॅगन चालवायची, माइक तपासायचा, कोमट पाणी ठेवायचं आणि पडद्याआड उभं राहून तिला शब्द पुरवायचे. शब्द पुरवणं सर्वांत अवघड. पोलिश अक्षरं ती फ्रेंचसारखी वाचायची आणि हॉलमधली लहान मुलं खिदळायची. मी माझ्या सोयीसाठी सगळी गाणी कार्डांवर देवनागरीत उतरवून घेतली. जिथे आपलं अक्षर पुरलं नाही, तिथे टिंबं दिली, शेपट्या काढल्या. हिल्दाने एकदा कार्ड पाहिलं, हे काय म्हणून विचारलं, आणि एका हिवाळ्यात त्या टेबलावर बसून देवनागरी शिकली. भारताच्या प्रेमापोटी नव्हे, हे स्पष्ट केलेलं बरं. तिला योगात रस नव्हता, मिरची सोसत नव्हती आणि सतार ऐकली की ती विचारायची, अजून लावतायत का? पण एका स्थानिक पत्रकाराने तिला कार्ड वाचताना पाहिलं आणि छापलं की ही गायिका रंगमंचावर जाण्याआधी प्राचीन मंत्र म्हणते. ते एका हट्टी गाढवाबद्दलचं माल्टीज गाणं होतं.

आता धंद्यातली खरी गोष्ट सांगते. हिल्दाचा आवाज चांगला होता, असामान्य नव्हता. वरच्या पट्टीत तो चपलेसारखा निसटायचा. लोक रडायचे ते आवाजामुळे नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मध्ये ती थांबायची, हात छातीवर ठेवायची आणि त्यांच्या भाषेत म्हणायची, "हे गाणं माझी आजी म्हणायची. ती तुमच्याच गावाकडची." गाव कोणतं, ते मी आधीच क्लबाच्या सेक्रेटरीकडून काढून ठेवलेलं असायचं. मग रुमाल निघायचे. कार्यक्रम संपला की म्हातारे जवळ येऊन तिचा चेहरा न्याहाळायचे आणि ठरवायचे, नाक आमच्याकडचंच आहे. इटलीतल्या कालाब्रियाचं नाक, पोलंडमधल्या क्राकोवचं नाक, माल्टाच्या गोझो बेटाचं नाक. इतक्या प्रांतांनी हक्क सांगितलेलं दुसरं नाक मी पाहिलेलं नाही.

यातून माझा एकच पोलादी नियम तयार झाला. दोन देशांची माणसं एका हॉलमध्ये येऊ द्यायची नाहीत.

तुम्ही विचाराल, बेल्जियमच्या लोकांसमोर ती गायली नाही का? गायली, एकदाच. सिडनीतल्या बेल्जियन मंडळींनी मोठ्या अभिमानाने बोलावलं. हिल्दाने फ्लेमिश गाण्याने सुरुवात केली, तर अर्धे लोक बारकडे गेले. फ्रेंच सुरू केलं, तर ते परत आले आणि उरलेले अर्धे गेले. देशात तिसरी भाषा जर्मन आहे म्हणून तिने न्यायाने एक जर्मन गाणं घेतलं, तेव्हा सगळेच सिगरेट ओढायला बाहेर गेले. आजीचं वाक्य तिने त्या दिवशी म्हटलंच नाही. परतताना गाडीत मी विचारलं नाही. मला कॉन्व्हेंटमध्ये खाजगी प्रश्न विचारू नयेत असं शिकवलं होतं, तिलाही कुठेतरी तेच शिकवलं असावं. आम्ही दोघींनी त्या गाडीत वर्षानुवर्षं अत्यंत सभ्यपणे हवामानावर चर्चा केली.

माझा नियम एकदा मोडला, आणि तो एका लग्नात. मुलगी इटालियन. तिच्या वडिलांनी बुकिंग केलं, मी त्यांच्या गावाची चौकशी केली, सगळं चोख. नवरा मुलगा कोण, हे विचारायचं राहिलं. तो पोलिश निघाला. केक कापायच्या आधीच मुलाच्या काकांनी हिल्दाला ओळखलं आणि ते अभिमानाने सांगत सुटले की ही आमची क्राकोवची पोरगी. मुलीच्या आत्याने हातातली बशी खाली ठेवली. लग्नात भांडायला दोन्ही घरं कारण शोधत होतीच, त्यांना ते माझ्यामुळे आयतं मिळालं.

हिल्दा स्वयंपाकघरात आली. मी लझान्याच्या ट्रेच्या गराड्यात उभी होते आणि मागच्या दाराचा अंदाज घेत होते.

"सुधा, माणसाला आज्या किती असतात?"

"दोन."

"मग झालं," असं म्हणून ती बाहेर गेली. माइक घेतला आणि आधी इटालियनमध्ये, मग पोलिशमध्ये सांगितलं, की माझ्या आईची आई इटलीची आणि वडिलांची आई पोलंडची, आणि त्या दोघी आज पहिल्यांदा एका मांडवात भेटतायत. दोन्हीकडचे रडले, नेहमीपेक्षा दुप्पट. मुलीच्या वडिलांनी धाकटीच्या लग्नालाही आम्हाला बोलावलं. धाकटीने खबरदारी म्हणून इटालियन नवरा केला होता. त्या दिवसापासून मी नियमाला पुरवणी जोडली. अगदीच वेळ आली तर दोन चालतील. तिसरी आजी काढता येत नाही.

मग क्लबवाल्यांची मुलं मोठी झाली आणि इंग्रजीत बोलू लागली. तुमच्यासारखीच. क्लबांनी स्टेजच्या जागी जुगाराची मशीन्स बसवली. ती सगळ्या देशांच्या लोकांसाठी एकाच भाषेत वाजतात आणि त्यांना कोमट पाणी लागत नाही. बुकिंग कमी होत होत थांबलं. हिल्दाचं एकही रेकॉर्डिंग झालं नाही. दर वर्षी आम्ही म्हणायचो पुढच्या वर्षी, आणि पुढची वर्षं भरपूर आहेत असा आमचा समज होता. मला आयुष्यात फार गोष्टींची हळहळ वाटत नाही, या एका गोष्टीची वाटते.

आजोबा गेल्यावर मी वेंटवर्थव्हिलला आले. इथे कढीपत्ता चालत जाऊन मिळतो आणि वेस्टमीडचं हॉस्पिटल एका स्टेशनच्या अंतरावर आहे. या वयात घर निवडताना याहून जास्त काही बघायचं नसतं. हिल्दा वॉलॉंगॉंगमध्येच एका वृद्धांच्या होममध्ये राहायला गेली. मी अधूनमधून समुद्राच्या कडेने जाणाऱ्या ट्रेनने तिच्याकडे जायचे. आम्ही कॉफी प्यायचो आणि हवामानावर बोलायचो.

मग लॉकडाउन आला, आणि घरापासून पाच किलोमीटरची हद्द ठरली. त्या हद्दीत माझ्या वाट्याला एक हॉस्पिटल, चार वाण्यांची दुकानं आणि तीन डोसेवाले आले. हिल्दा आली नाही.

एका सकाळी होममधून फोन आला. प्राजक्ता नावाची नर्स, नाशिकची, वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत शिकायला आली आणि पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळवून तिथेच राहिली. "काकू, घाबरू नका," अशी तिने सुरुवात केली, त्यामुळे मी ताबडतोब घाबरले. होममधल्या एका कर्मचाऱ्याला करोना झाला होता, म्हणून हिल्दाची सगळी विंग आपापल्या खोल्यांत बंद होती. जेवणाचे ट्रे दारातून आत जायचे. हिल्दाने आधी बोलणं सोडलं आणि मग जेवण. ट्रे जसा जाई तसा परत येई.

"डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर हॉस्पिटलला हलवावं लागेल," प्राजक्ता म्हणाली. "सोबत कोणाला जाता येणार नाही. आणि काकू, खरं सांगू का, या वयात तिथून परत येतीलच असं नाही. त्यांच्या फाइलवर नातेवाईक म्हणून फक्त तुमचं नाव आहे. कुठल्या भाषेत बोलू तेवढं सांगा."

नातेवाईक. सॉर्ट ऑफ.

प्राजक्ताने फोन स्पीकरवर टाकून हिल्दाच्या उशाशी ठेवला. मी फ्रेंच बोलले, मोडकंतोडकं फ्लेमिश बोलले, गाण्यांच्या ओळी म्हटल्या. तिने भिंतीकडे तोंड केलं. दरम्यान होमही स्वस्थ बसलं नव्हतं. त्यांच्या वेलबीइंग विभागाने प्रत्येक खोलीत रंगवायला एक फुलपाखरू पाठवलं होतं. चाळीस वर्षं हॉल गाजवलेल्या बाईला फुलपाखरू आणि सहा खडू. हिल्दाने ते ट्रेसोबत परत केलं, तेव्हा मला जरा आशा वाटली.

दोन दिवस मी विचार केला. काय चुकत होतं ते भाजी चिरताना लक्षात आलं. आमच्या ओळखीत मी हिल्दाला 'कशी आहेस' विचारायला कधी फोन केला नव्हता. मी फोन करायचे तो बुकिंगसाठी. आता मी रोज तिची विचारपूस करत होते. तिला वाटलं असणार, आता आपलं संपलं.

मी फोन लावला आणि प्राजक्ताला म्हटलं, ठेव उशाशी.

"हिल्दा, शनिवारी बुकिंग आहे. जेवणानंतरचा अर्धा तास. लोक मिसळलेले आहेत."

मग भिंतीकडूनच आवाज आला. "किती माणसं?"

"एक विंग."

"माइक?"

"बिंगोचा."

"तो घरघरतो."

"घरघरतो."

मी कॅलेंडरवर शनिवारी खूण केली.

"शोच्या आधी मला सूप लागतं," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत उपाशी राहून आवाज लागत नाही."

त्या दिवशी ट्रे अर्धा रिकामा परत गेला.

होमच्या मॅनेजरबाईंना मात्र हे पटेना. गाण्याने तोंडातून थेंब उडतात, त्यामुळे गाणं धोकादायक. त्या हिवाळ्यात देशात चर्चमध्येसुद्धा गायला बंदी होती. एवढा मान गाण्याला यापूर्वी कधी मिळाला नव्हता. मी त्यांना फोनवर माझ्या सर्वांत चांगल्या कॉन्व्हेंट इंग्रजीत समजावलं, की हिल्दा आपल्या खोलीत एकटी बसून बिंगोचे आकडे पुकारायच्या माइकमध्ये गाईल, स्पीकर कॉरिडॉरमध्ये राहील, लोक आपापल्या खोल्यांतून ऐकतील, आणि विषाणू अजून तारेतून जायला शिकलेला नाही. त्यांनी जोखमीचा अभ्यास करण्यासाठी वेळ घेतला. शेवटी परवानगी आली. अट एकच. प्रेक्षकांना नाचायला उद्युक्त करू नये. विंगमधले निम्मे लोक वॉकरवर होते.

मी पलंगाखालचे बिस्किटांचे डबे काढले. त्यात आमची कार्डं होती. विंगमध्ये कोण कोण आहे ते प्राजक्ताने सांगितलं, त्याप्रमाणे गाणी निवडली, फोटो काढले आणि तिला पाठवले. तिचा लगेच फोन आला. "काकू, अक्षरं मराठी आहेत, पण मला एक शब्द कळत नाहीये. माझं मराठी इतकं गेलं का?"

मी म्हटलं, कळायची गरज नाही, फक्त वाच. ते पोलिश आहे. ती हसायला लागली. म्हणाली, आईला सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही. मी गेली कित्येक वर्षं पडद्याआडून जे काम केलं, ते आता नाशिकची मुलगी मास्क, शील्ड आणि निळा गाऊन घालून दारातून करणार होती.

मी सगळं बारकाईने ठरवलं. गाण्यांचा क्रम, कोमट पाणी, लिपस्टिक, उशीऐवजी सरळ पाठीची खुर्ची. इतक्या दिवसांनी काम मिळाल्याच्या आनंदात माझ्या एक गोष्ट लक्षात आली नाही.

शनिवारी फोन हिल्दाच्या टेबलावर होता आणि मी इथे स्वयंपाकघरात चहा घेऊन बसले होते. तिने इटालियन गाण्याने सुरुवात केली. आवाज खूप खाली गेला होता आणि मध्ये फाटत होता, पण ताल पक्का होता. दुसरंही गाणं झालं. आणि मग ती थांबली. तिचा हात छातीवर गेला असणार, हे मला न बघता कळलं. तिने इटालियनमध्ये आजीचं वाक्य म्हटलं. समोरच्या खोलीतल्या इटालियन सिन्योरा कॉन्चेत्तांनी मोठा सुस्कारा सोडला. पुढे पोलिश गाणं, प्राजक्ता दबक्या आवाजात शब्द देतेय, आणि मग पोलिशमध्ये तेच वाक्य. पुढे ग्रीक. पुन्हा तेच.

मी कप खाली ठेवला. इतकी वर्षं भिंतींनी वेगळे ठेवलेले सगळे क्लब मी स्वतःच्या हाताने एका कॉरिडॉरमध्ये आणून बसवले होते. आणि वॉलॉंगॉंगमध्ये जन्म काढल्यावर शेजाऱ्यांच्या भाषेतला आणखी कोणता शब्द येवो न येवो, 'आजी' हा शब्द सगळ्यांना येतो.

"एक मिनिट," सिन्योरा कॉन्चेत्तांचा आवाज इंग्रजीत आला. "कालाब्रियाचं काय झालं?"

"मला तिने क्राकोव सांगितलं होतं," पलीकडून मिस्टर यानेक म्हणाले. ते निवृत्त फिटर. "आमच्या क्लबात. मी पहिल्या रांगेत होतो."

"आणि माझं बेट?" एक ग्रीक बाई कोपऱ्यातल्या खोलीतून ओरडल्या. "मी माझ्या बहिणीला पत्रात लिहिलं होतं की आपल्याकडची एक पोरगी इथे गाते."

स्पीकरची नुसती घरघर. ती आता गप्प झाली तर उद्याचा ट्रे भरलेला परत येणार होता, आणि परवा ॲम्ब्युलन्स. दोन आज्यांची तोड मला माहीत होती, पण तीन बाहेर पडल्या होत्या.

मग ती बोलली. इंग्रजीत, माइकमध्ये, गाण्याचा आवाज न लावता.

"मला आजी नव्हती. आई आठवत नाही. मठातल्या नन्सनी वाढवलं. एक फ्लेमिश बोलायची, एक फ्रेंच, एक जर्मन. तिघी ओरडायच्या, गाता एकीलाही येत नव्हतं. आज्या मी तुमच्याकडून घेतल्या. परत हव्या असतील तर सांगा."

इतकी वर्षं मी तिची सेक्रेटरी. हे मला त्या कॉरिडॉरबरोबरच कळलं. आमच्या त्या सभ्य गाडीत एखादा असभ्य प्रश्न विचारला असता तर बरं झालं असतं, असं मला त्यानंतर बरेचदा वाटलं आहे.

मग सिन्योरा कॉन्चेत्ता म्हणाल्या, "परत घेऊन मी काय करू? तिला जाऊन किती वर्षं झाली. ठेव तुझ्याकडे. पण दुसऱ्या गाण्याचं शेवटचं कडवं तू खाल्लंस, ते म्हण."

"माझीही ठेव," यानेक म्हणाले. "मारकुटी होती."

ग्रीक बाई जरा विचार करून म्हणाल्या, "मी देणार नाही. उसनी घे."

यावर मॅनेजरबाई अजिबात हसल्या नाहीत, असं प्राजक्ता सांगते, पण मास्कच्या आत काय चाललं होतं ते दिसत नव्हतं. हिल्दाने कडवं म्हटलं. मग ग्रीक गाणं पुन्हा म्हटलं, कारण ग्रीक बाईंना ते मध्येच तुटल्याचा राग होता. कार्यक्रम ठरलेल्या वेळेपेक्षा लांबला. शेवटी हिल्दाने फोन उचलून मला एकच वाक्य सांगितलं, "सुधा, पुढच्या वेळी माइक बदलून मागून घे," आणि प्राजक्ताकडे ब्रेडसाठी लोणी मागितलं.

तर ईशान, प्रोजेक्टमध्ये लिही की आजी बुकिंग घ्यायची. अजूनही घेते. दर शुक्रवारी मी हिल्दाला फोन करते आणि शनिवारचं पक्कं करते. विंग उघडली, पण माझी ट्रेन अजून त्या हद्दीबाहेर जात नाही. हिल्दा जेवते. नऊ भाषांपैकी चारांतली गाणी तिला न बघता येतात, दोनांतली प्राजक्ताने शब्द दिले तर. बाकीच्या तीन गेल्या. वरची पट्टी गेली, खालची आहे. यानेक थंडी संपता संपता झोपेत गेले. त्यांचं गाणं ती दर शनिवारी म्हणते, सगळी कडवी, आणि आधी सांगते की हे यानेकच्या आजीचं.